अठ्ठ्याऐंशीवा दिवस

आम्ही पडलो तेव्हा भाऊ हसत होते. म्हणजे फ्लेक्सवरचे भाऊ. तीस फूट बाय वीस फूट, पांढरे कपडे, जोडलेले हात, वर ‘वाढदिवसाच्या कोटी कोटी शुभेच्छा’. कमरेला बांधायचा पट्टा आम्हा दोघांत एकच होता, कारण दुसरा पट्टा शेजारच्या गावातल्या दुसऱ्या भाऊंच्या फ्लेक्सला गेला होता. म्हणून रण्यानं डोकं लढवलं. पट्टा त्यानं मला बांधला, त्याला दोरी जोडली, ती वरच्या पायपावरून टाकली आणि दुसरं टोक स्वतःच्या कमरेला गुंडाळलं. एक घसरला तर दुसरा धरेल. जुलै महिना, लोखंड ओलं. मी घसरलो. रण्यानं धरलंही. साधारण दीड सेकंद.

मागोमाग भाऊही खाली आले आणि आमच्यावर पसरले. लोकांना वाटलं, नुसता फ्लेक्स पडलाय. दहा मिनिटांनी भाऊंच्या छातीशी काहीतरी हलतंय असं एका रिक्षावाल्याला दिसलं. हलत होते ते आमचे हात. पाय हलत नव्हते.

मी उमेश लोहार, तो रणजित कोळेकर. बालवाडीपासून एका बाकावर, पुढं एका शिडीवर, आणि आता मिरजेजवळच्या एका मणक्याच्या इस्पितळात शेजारशेजारच्या खाटांवर. मी अकरा नंबर, तो बारा. रण्याची आई तो सहावीत असताना गेली. वडील मेंढरं घेऊन वर्षातले आठ महिने फिरस्तीवर. त्यामुळे माझी आईच दोघांजवळ थांबली. रण्याचे वडील फोन करायचे तेव्हा मागून मेंढरंच जास्त ऐकू यायची. रण्या म्हणायचा, सगळे नातेवाईक एकाच वेळी बोलतात, काय कळतच न्हाई.

चौथ्या दिवशी डॉक्टर शलाका बनसोडे आल्या. वयानं आमच्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या असतील. खाटेच्या कडेला बसून, घाई न करता, सगळं समजावून सांगायची त्यांना सवय होती. त्या सवयीनंच पुढं घात केला, पण ते नंतर.

मणका मोडला म्हणून पाय जात नाहीत, त्या म्हणाल्या. मणका हाड आहे, हाडं जुळतात. मणक्याच्या आतून करंगळीएवढी एक मऊ दोरी जाते, मज्जारज्जू, आणि मेंदूचे सगळे निरोप तिच्यातून खाली उतरतात. ती चेंबली की शरीर डागडुजीला धावतं आणि घाईघाईत तिथं एक भिंत बांधून बसतं. व्रणाची भिंत. भिंत ओली आहे तोवर, म्हणजे पहिल्या चार आठवड्यांत, काही करता आलं तर येतं. नंतर ती घट्ट होत जाते आणि सहा महिन्यांनी दगड. म्हणून त्यांच्या चाचणीत फक्त ताज्या जखमा चालत होत्या. ‘ताज्या’ हा शब्द त्यांचाच. रण्या मला म्हणाला, आपण ताजे हाय लेका, मासळीबाजारातल्या बांगड्यागत.

उपाय असा होता. कुणा दात्याच्या रक्तातल्या पेशी घ्यायच्या. पेशी म्हणजे शिकून-सवरून नोकरीला लागलेली मंडळी. त्यांना प्रयोगशाळेत उलटं मागं न्यायचं, इतकं मागं की आईच्या पोटात असताना होत्या तशा कोऱ्या होतील. मग मज्जापेशी व्हायचं अर्धं शिक्षण द्यायचं आणि तिथंच गोठवून ठेवायचं. उरलेलं शिक्षण कामावर. दुखावलेल्या जागी अशा वीस लाख पेशी टोचल्या की त्या रुजतात, वरच्या तुटक्या तारांकडून निरोप घेतात आणि खालच्या तारांना देतात. निदान उंदरांत तरी तसं झालं होतं.

चाचणीत बारा जण होते. सहा जणांना पेशी, सहा जणांना फक्त पाठीवर चीर आणि टाके. गोळ्या सगळ्यांना त्याच. कुणाला काय मिळालं हे आम्हाला कळणार नव्हतं, डॉक्टरांनाही नाही. ते दुसऱ्या शहरातल्या एका कॉम्प्युटरला तेवढं माहीत.

“म्हंजे सहा जणांची पाठ नुसती उसवायची आनि शिवायची?” रण्यानं विचारलं.

डॉक्टर म्हणाल्या, हो. नाहीतर गुण पेशींनी दिला की आशेनं, ते कळणार नाही. पण प्रत्येकाच्या नावची एक कुपी थंड टाकीत आहे. ज्यांना नुसते टाके पडलेत त्यांना पाचव्या महिन्यात पेशी मिळतील. उशिरामुळे गुण कमी येईल, पण येईल. अर्थात, चाचणी तोवर चालू राहिली तर.

हे शेवटचं वाक्य फॉर्मच्या एकोणिसाव्या पानावर होतं. तीन महिन्यांनी बाहेरची एक समिती आकडे बघणार, आणि फरक दिसला नाही तर चाचणी तिथंच बंद. डॉक्टरांनी ते पान मोठ्यानं वाचून दाखवलं. ते वाचत होत्या तेव्हा मी छताचे पंखे मोजत होतो. एकच होता.

आईनं मात्र लक्ष देऊन ऐकलं. तिच्या लक्षात राहिलं ते ‘आईच्या पोटात’ आणि ‘रुजतात’. तिनं विचारलं, रुजायला किती दिवस लागतात. डॉक्टर म्हणाल्या, साधारण तीन महिने.

“म्हंजे दिवस गेल्यागतच हाय की,” आई म्हणाली.

डॉक्टर हसल्या आणि म्हणाल्या, हो मावशी, तसंच समजा.

आता इथं आईचं सांगायला हवं. माझ्याआधी तिची दोन मुलं पोटातच गेली. दोन्ही वेळा दुसऱ्या महिन्यात तिनं आनंदानं आळीभर सांगितलं होतं. माझ्या वेळी ती तीन महिने कुणाशी बोलली नाही, बाबांशीसुद्धा नाही. बाबांना कळलं तेव्हा मी चार महिन्यांचा होतो. आणि मी राहिलो. तिच्या दृष्टीनं हाही एक प्रयोगच होता. दोनदा सांगितलं, दोनदा गेलं. एकदा नाही सांगितलं, हा समोर पडलाय.

एकतीस जुलैला आमच्या पाठी शिवल्या. दोघांना सारखेच टाके, चौदा-चौदा. कुणाच्या पोटात आहे आणि कुणाच्या नाही हे आईला कळायला मार्ग नव्हता. तिनं ठरवलं की दोघांनाही दिवस गेलेत असंच धरायचं.

दोन ऑगस्टला सूर्यग्रहण लागलं. ढगांमुळे ते सांगलीत कुणालाच दिसलं नाही, तरी आईनं पाळलं. ग्रहणात गर्भारणीनं हालचाल करायची नसते, चिरायचं नसतं, वळायचं नसतं. त्या बाबतीत आमची तयारी उत्तम होती.

मग डोहाळे. आई रोज विचारायची, काय खावंसं वाटतंय. मी म्हणायचो काही नाही. रण्यानं मात्र मनावर घेतलं. त्याला भडंगाचे डोहाळे लागले. सकाळी भडंग, दुपारी भडंग. फिजिओथेरपीची मुलगी एकदा वैतागून म्हणाली, खाटेत चुरमुरे सापडतात. रण्या तिला म्हणाला, ताई, या दिवसांत ओरडू नये.

आम्ही हसायचो. आई हसायची नाही.

इस्पितळाच्या मागं नातेवाइकांसाठी पत्र्याची शेड होती. जतची एक म्हातारी, कराडच्या एका मास्तरांची बायको, चिकोडीकडची एक कानडी बाई, असं बाराही घरांचं कुणी ना कुणी तिथं स्वयंपाक करायचं. आईनं तिचं शास्त्र तिथं मांडलं. बायकांना ते डॉक्टरांच्या शास्त्रापेक्षा लवकर पटलं, कारण बहुतेकींनी ते कधी ना कधी स्वतःच्या अंगावर करून पाहिलं होतं. कुणालाही काही हललं, काही जाणवलं, तर तीन महिने पुरे होईस्तोवर ब्र काढायचा नाही. पुढं त्यात एक कलम वाढलं. एका शेडमध्ये एका चुलीवर जेवतो, तर एकीचं बोलणं दुसरीला बाधेल. म्हणून शेवटच्या खाटेचे तीन महिने भरेपर्यंत सगळ्यांनीच गप्प राहायचं. शेवटच्या खाटा आमच्या. आमचा नव्वदावा दिवस लक्ष्मीपूजनाला येत होता. सगळ्यांना तो फार शुभ वाटला.

यातलं डॉक्टर बनसोड्यांना काहीच माहीत नव्हतं. त्यांचा फॉर्म एकोणीस पानांचा होता, पण शेडीचा कायदा त्यात कुठं नव्हता.

रण्याचं आणि माझं रोज सकाळी एक संभाषण व्हायचं.

“काय?”

“काय न्हाई. तुझं?”

“माझंबी काय न्हाई.”

मग भडंग.

सत्तराव्या दिवशी, नऊ ऑक्टोबरला, दुपारी जेवणं झाल्यावर मी नेहमीप्रमाणे उजव्या अंगठ्याला सांगितलं, हल. रोजच सांगायचो. वर्गात हजेरी घेतात तसं, पोरगं आलेलं नाही हे माहीत असूनही नाव पुकारायचं. त्या दिवशी तो हलला. चादर तांदळाच्या दाण्याएवढी उचलली गेली. आमचे पाय तसे कधीकधी आपोआप उडायचे, त्याला झटका म्हणतात, त्याचं कुणाला काही नव्हतं. पण हा झटका नव्हता. मी सांगितलं आणि त्यानं ऐकलं. मी पुन्हा सांगितलं. पुन्हा ऐकलं.

शेजारी रण्या तोंडावर हात टाकून झोपला होता. आई उशाशी लसूण सोलत होती. मी तिला नुसतं डोळ्यांनी दाखवलं. तिनं बघितलं, लसूण खाली ठेवला आणि अंगठ्यावर हात ठेवला. चिमणीच्या पिल्लावर ठेवतात तसा, दाबून नाही. वीस मिनिटं ती तशी बसली होती.

“कुनाला बोलू नगंस,” ती म्हणाली.

मी हळूच विचारलं, रण्यालाही नाही?

“त्याला तर न्हाईच. त्याचं काय झालंय, अजून ठावं न्हाई.”

दुसऱ्या दिवशी सकाळी रण्यानं विचारलं, काय? मी म्हणालो, काय न्हाई. हे वाक्य मी सत्तर दिवस रोज म्हणत होतो. तेच शब्द, तोच सूर. पण त्या दिवशी ते म्हणताना मला घाम आला. माझ्यामुळे जो पडला, त्याच्याशी मी खोटं बोलत होतो, आणि तो मला अर्धं भडंग काढून देत होता.

एक खरं सांगतो. आईच्या शास्त्रावर माझा विश्वास होता असं नाही. मी बारावी सायन्स आहे, पास नाही पण आहे. पण अंगठा रोज हलायला लागल्यावर विश्वास ठेवणं सोपं वाटायला लागलं. तीन महिने गप्प राहायचं म्हणजे तीन महिने रण्याच्या तोंडाकडं बघायला लागणार नाही. आईनं नियम घातला नसता तर मीच कुठला तरी शोधून काढला असता.

नव्वदाव्या दिवसाची तपासणी नियमानं तीन दिवस अलीकडं-पलीकडं चालत होती. लक्ष्मीपूजनाला डॉक्टर घरी जाणार, म्हणून त्यांनी आमच्या दोघांच्या तपासण्या धनत्रयोदशीला घ्यायचं ठरवलं. अठ्ठ्याऐंशीव्या दिवशी. खाट एक ते दहाच्या आधीच झाल्या होत्या. आईला कळलं तेव्हा तिनं डॉक्टरांना विचारलं, दोन दिवस थांबता येणार नाही का. डॉक्टर म्हणाल्या, दोन दिवसांनी काय फरक पडतो मावशी?

तपासणीला यंत्र नव्हतं. यंत्राची तपासणी सहाव्या महिन्यात. तीन महिन्यांना फक्त एक टाचणी, एक कापसाचा बोळा आणि डॉक्टरांचे हात. डोळे मिटायचे. शरीराच्या एकेका बाजूला अठ्ठावीस जागा. प्रत्येक जागी आधी कापूस, मग टाचणी, आणि आपण सांगायचं, कळतंय की नाही. मग एकेक स्नायू हलवायला सांगतात. शून्य म्हणजे काही नाही. एक म्हणजे नुसती चाहूल, बोटाखाली जाणवेल इतकीच. पाच म्हणजे धडधाकट.

“उमेश, जे खरं असेल तेच सांगायचं,” डॉक्टर म्हणाल्या. त्या प्रत्येक तपासणीला हे म्हणायच्या. त्या दिवशी जरा हळू म्हणाल्या.

बेंबीच्या खाली मला कापूस कळत होता. मांडीवर टाचणी अंधुक, कुणीतरी शेजारच्या घराचं दार वाजवावं तशी. मी म्हणालो, नाही. गुडघा. नाही. पोटरी. नाही. डोळे मिटून खोटं बोलणं सोपं असेल असं वाटतं. तसं नसतं. मिटलेल्या डोळ्यांना सगळं दिसतं.

मग त्या पायाशी आल्या. डोळे उघडा म्हणाल्या. त्यांनी माझा उजवा पाय हातात घेतला, अंगठा दोन बोटांत हलका धरला आणि म्हणाल्या, खाली दाबा.

मी आयुष्यात बरीच अंगमेहनत केलीय. पावसात पन्नास फुटांवर फ्लेक्स ताणलाय. पण एक अंगठा न हलवण्याएवढं जड काम मी कधी केलेलं नाही. अठरा दिवस मी त्याला रोज हल हल म्हणून शिकवलं होतं. आता डॉक्टर म्हणत होत्या दाबा, आणि मी आतून म्हणत होतो, नको. निरोप वरून दोन्ही येत होते. अंगठ्यानं बिचाऱ्यानं पहिला ऐकला. त्यांच्या बोटांत तो हलायला लागतोय हे मला जाणवलं.

त्याच क्षणाला शेजारून स्टीलचा पेला खाली पडला. पाण्यानं भरलेला. फरशीवर वाजत गेला, खाटेखाली गेला. डॉक्टरांनी दचकून पाय सोडला आणि वळून बघितलं. रण्या म्हणाला, सॉरी मॅडम, हात लागला.

तेवढ्यात मी अंगठ्याला गप्प केलं. डॉक्टरांनी पाय पुन्हा धरला, पुन्हा दाबा म्हणाल्या, आणि कागदावर शून्य लिहिलं. मी मनात म्हणालो, वाचलो.

मग त्या रण्याकडं गेल्या. त्यानं सगळ्याला नाही म्हटलं. त्याचं खरं होतं.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी शेडीत पणत्या लागल्या. नव्वद भरले. सगळ्यांनी ठरवलं, सोमवारी डॉक्टर आल्या की एकदम सांगायचं. आईनं बेसनाचे लाडू केले. रण्याचा वाटा तिनं वेगळा काढून ठेवला आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. पाचव्या महिन्यात तुझं बी हुतंय बग, असं काहीतरी ती पुटपुटली. रण्यानं लाडू खाल्ला आणि भडंग नाही का म्हणून विचारलं.

सोमवारी सकाळी डॉक्टर बनसोडे आल्या. पांढरा कोट घातला नव्हता. वॉर्डाच्या मधोमध स्टूल ओढून त्या बसल्या.

समितीची बैठक शुक्रवारी झाली, त्या म्हणाल्या. समितीला दिवाळी नसते. बाराच्या बारा जणांचे आकडे शून्य आले. पेशी मिळालेले सहा आणि न मिळालेले सहा यांच्यात काहीही फरक नाही. म्हणून चाचणी बंद. बंद पडलेल्या चाचणीच्या पेशी ठेवायला परवानगी नसते, त्यामुळे पाडव्याच्या सकाळी त्यांनाच सुट्टीवरून बोलावून टाकी उघडायला लावली. सहा कुप्या उरल्या होत्या. उघड्यावर ठेवल्या की वीस मिनिटांत संपतं, त्या म्हणाल्या. मी तिथं बसून होते. मला माफ करा. मला वाटत होतं की होईल.

मग आई उठली. तिला ‘समिती’ आणि ‘आकडे’ नीट कळलं नव्हतं, ‘बंद’ तेवढं कळलं होतं. कुणीतरी गैरसमज करून घेतलाय आणि आता तो दूर करायचा, अशा चेहऱ्यानं तिनं डॉक्टरांच्या हातात लाडू ठेवला.

“उम्या,” ती म्हणाली, “दाव त्यास्नी.”

मी चादर बाजूला केली आणि अंगठा हलवला. चार वेळा.

तिकडं तीन नंबरच्या जतच्या पाटलानं गुडघा उचलला, वीतभर. सात नंबरच्या मास्तरांनी घोटा फिरवला. नऊ नंबरची चिकोडीची पोरगी दोन्ही पायांची सगळी बोटं हलवत होती आणि तिची आई कानडीत रडत होती. नव्वद दिवस राखलेलं सगळं एकदम बाहेर आलं. लग्नात अक्षता पडतात तसं चारी बाजूंनी काहीतरी हलत होतं, आणि मधोमध स्टुलावर डॉक्टर बसल्या होत्या.

त्यांनी लाडू खाल्ला. सगळा खाल्ला, सावकाश. मग विचारलं, “कधीपासून?”

आईनं त्यांना सगळं सांगितलं. सांगता सांगता एका जागी ती थांबली. टाकी उघडली म्हणजे काय झालं, हे तिला तिथं कळलं. तिनं वळून बारा नंबरच्या खाटेकडं बघितलं. मीही बघितलं. रण्या पंखा मोजत होता.

डॉक्टरांनी जिवाचं रान केलं. व्हिडिओ पाठवले, पत्रं लिहिली, यंत्राच्या तपासण्या करून घेतल्या. समितीनं कळवलं की मुदतीनंतरची नोंद धरता येत नाही, आणि जो रुग्ण एकदा खोटं बोलल्याचं स्वतः सांगतो, त्याचं दुसरं सांगणं खरं कशावरून. त्यांचं चुकलं असं मला म्हणता येत नाही. नव्या पेशी तयार करायला आठ महिने लागतात. रण्याची जखम सहा महिन्यांत दगड होणार होती. हे गणित मी किती वेळा केलं असेल. उत्तर बदलत नाही.

जानेवारीत कॉम्प्युटरचं पाकीट आलं. खाट अकरा, पेशी. खाट बारा, फक्त टाके.

पुढच्या वर्षी मी कुबड्यांवर उभा राहिलो. आता काठीवर चालतो, जिना जरा वेळ घेतो. आई अजून रोज संध्याकाळी रण्याच्या घरी जाऊन त्याचे पाय तेलानं चोळते. तासभर चोळते, बोलत नाही. एकदाच म्हणाली होती, माझं चुकलं रं बाळा. रण्या म्हणाला, काकी, येताना भडंग आना.

चार वर्षांनी, म्हणजे गेल्या महिन्यात, नव्या चाचणीला परवानगी मिळाली. आमच्या चौघांच्या हललेल्या पायांवर डॉक्टर बनसोड्यांनी तीन वर्षं वाद घातला, तेव्हा कुठं. अर्ज पहिल्या दिवशी रण्यानं भरला. फोनवर, मला न सांगता. पहिलाच प्रश्न होता, जखम किती दिवसांची. त्यात दोनच आकडे बसायची सोय होती. रण्याला चार आकडे लागत होते. मला नंतर दाखवून म्हणाला, बांगडा शिळा झाला.

रण्या आता घरी बसून फ्लेक्सचं डिझाइन करतो. नव्या चाचणीच्या दारावर लावायचा फ्लेक्सही त्यानंच केला. डॉक्टरांना ‘बदल जाणवला तर त्याच दिवशी सांगा’ एवढंच मोठ्या अक्षरांत हवं होतं. रण्यानं त्याखाली फोटो टाकला. माझ्या उजव्या अंगठ्याचा. दहा फूट बाय आठ फूट. डॉक्टर त्याकडं बराच वेळ बघत राहिल्या आणि राहू दे म्हणाल्या. आई त्या शेडीत जाऊन बसते हल्ली. नव्या आलेल्या बायकांना सांगते, बोला बायांनो, काय हललं तर बोला. त्यांना वाटतं, म्हातारी थोडी सरकलेली आहे.

फ्लेक्स चढवायच्या दिवशी आम्ही दोघं रस्त्याच्या पलीकडं थांबलो होतो. रण्या चाकाच्या खुर्चीत, मी काठीवर. वर दोन पोरं होती, दोघांना दोन पट्टे. मी ते आधी तपासले होते. अंगठा हळूहळू वर चालला होता, वाऱ्यानं फुगत होता. इतका मोठा अंगठा वर जाताना बघून मला काय झालं कुणास ठाऊक. चार वर्षं जे बोललो नव्हतो ते बोललो. म्हणालो, रण्या, त्या दिवशी मी एकदा दाबला असता, तर तुझी कुपी राहिली असती.

“डावीकडनं वर घ्या जरा,” तो पोरांना म्हणाला. मग मला म्हणाला, “पेला मीच पाडला हुता.”

मला कळेना. म्हटलं, कुठला पेला.

“धनतेरसला. तुझा अंगठा लागला हुता हलाय. मॅडम बगत हुत्या. मी पाडला.”

वर पोरांनी दोरी ओढली. अंगठा सरळ झाला.

मी विचारलं, तुला माहीत होतं?

“सत्तराव्या दिसापास्नं. मी झोपलो न्हवतो. आनि झटका आला की तू शिव्या देतोस. त्या दिवशी देवळात बसल्यागत गप पडला हुतास.”

“मग बोलला का न्हाईस लेका?”

चार वर्षांत त्याला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

“दोनच दिवस राह्यले हुते,” तो म्हणाला. “आनि तुझं गेलं असतं म्हंजे?”

रस्त्यावरून एक एसटी गेली. ती जाईपर्यंत आम्ही दोघं तिच्याकडं बघत होतो.

“दाव,” तो म्हणाला.

मी म्हटलं, बूट काढावा लागेल.

“मग काढ की.”

मी फुटपाथच्या कडेला बसलो. मला खाली बसायला वेळ लागतो. काठी बाजूला ठेवली, बूट काढला, मोजा काढला, आणि पाय त्याच्या खुर्चीच्या पायठेवणीवर ठेवला, त्याच्या पायांशेजारी. मग अंगठा हलवला. खाली, वर. पुन्हा हलवला. रण्या खुर्चीतून वाकला आणि अगदी जवळून बघत राहिला. सत्तराव्या दिवशी त्याला तो चादरीखालूनच दिसला होता.

पानाच्या टपरीवरची दोन माणसं आमच्याकडं वळून बघायला लागली. वर तो एवढा मोठा अंगठा, खाली हा एवढासा.

रण्यानं माझ्या अंगठ्यावर हात ठेवला. दाबून नाही.

“झाक आता,” तो म्हणाला. “लोक बगाय लागल्यात.”